बिघडलेल्या फाईलीतले आकडे

आपल्याकडच्या जुन्या जमाखर्चात दोन वह्या मुख्य असत. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जो व्यवहार ज्या क्रमाने घडला तो त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरावयाचा, आणि मग सवडीने तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती घालावयाचा. एकच रक्कम दोन ठिकाणी लिहिण्याचा हा खटाटोप नवशिक्या कारकुनाला फुकटचा वाटे. पण एखाद्या पावसाळ्यात खतावणीची चार पाने उंदराने कुरतडली म्हणजे त्याचा उलगडा होई. रोजकीर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा उभी करता येते. वेळ लागतो, इतकेच.

आज दुकानातला, शाळेतला, सोसायटीतला हिशेब संगणकावर गेला आहे, आणि त्यातला पुष्कळसा भाग, ज्याला स्प्रेडशीट म्हणतात त्या रकान्यांच्या कागदावर असतो. हा कागद डोळ्यांना दिसतो, हाताला लागत नाही. पण म्हणून त्याला उंदीर लागत नाहीत असे मात्र नाही! लिहिता लिहिता वीज जाते, पेनड्राइव्ह कोणी घाईने उपटतो, ई-मेलने आलेली फाईल अर्धीच उतरते. आणि दुसऱ्या दिवशी उघडावयास जावे तो पडद्यावर निरोप येतो की फाईल खराब झाली आहे, उघडता येत नाही. "फाईल करप्ट झाली" हे वाक्य आता कचेरीतल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. वर्षाची हजेरी, पगारपत्रक, सभासदांच्या वर्गण्या, सगळे त्या एका फाईलीत. मग कोणी जाणता गृहस्थ येतो, तासभर खटपट करतो, आणि निम्मेअधिक आकडे परत मिळतात. लोक म्हणतात, काय हातगुण आहे! हातगुण असेलही. पण कोणते आकडे परत यावयाचे आणि कोणते नाही, हे तो गृहस्थ येण्यापूर्वीच पुष्कळसे ठरलेले असते. ज्यांनी ही फाईल कशी लिहावयाची हे ठरविले, त्यांनी ते ठरवून ठेवलेले असते. म्हणून आधी थोडा त्यांचा इतिहास पाहावयास हवा.

१९७८ साली अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. वर्गात प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचे मोठे कोष्टक मांडीत. मधला एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहिणे आले. ब्रिकलिनच्या मनात आले, की हा फळा आपले आकडे आपणच दुरुस्त करील तर? बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने तसा कार्यक्रम रचला, आणि १९७९ साली 'व्हिजिकॅल्क' या नावाने तो 'ॲपल टू' या छोट्या संगणकासाठी बाजारात आला. ६३ उभे रकाने, २५४ आडव्या ओळी, आणि त्यांच्या छेदातून झालेली घरे. एका घरातला आकडा बदलला की बाकीची घरे आपोआप बदलत.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, तर हे कोष्टक तबकडीवर साठवीत कसे? अगदी सरळ. घराचे नाव, आणि त्या घरात माणसाने जे टंकले ते, असे एकाखाली एक साध्या अक्षरांत लिहीत. फाईल उघडणे म्हणजे यंत्राने ती यादी वाचून जणू पुन्हा टंकित जाणे. ही रोजकीर्दच झाली म्हणाना! एखादी ओळ बिघडली तर तेवढी बिघडली. बाकीच्या ओळी माणसालासुद्धा वाचता येत. उणीव होती ती वेगळीच. बेरजेच्या घरापुढे बेरीज लिहिलेली नसे, बेरीज कशी करावयाची ते लिहिलेले असे. सूत्र गेले की उत्तरही गेले.

जानेवारी १९८३ मध्ये 'लोटस वन-टू-थ्री' आले. मिच केपर आणि जोनाथन सॅक्स यांचे हे काम, आयबीएमच्या संगणकासाठी केलेले. यात साध्या अक्षरांचा त्याग झाला. जागा थोडी, यंत्र मंद, तेव्हा मजकूर यंत्राच्या सोयीच्या संक्षिप्त सांकेतिक रूपात लिहू लागले. प्रत्येक नोंदीच्या आरंभी दोन अंक: ही नोंद कोणत्या जातीची, आणि ती किती लांब. म्हणजे इथून चाळीस पावले चाल, तिथे पुढची खूण सापडेल, अशातला प्रकार. शर्यत मोठी वेगाची होते, पण कोणी चाळिसाचे चारशे करून ठेवले की पुढच्या सगळ्या खुणा चुकल्याच. मजकूर जागच्या जागी असतो. वाचणाराच वाट चुकतो. मात्र लोटसच्या मंडळींनी एक उपकार केला. सूत्राच्या नोंदीत सूत्राबरोबर त्याचे शेवटचे उत्तरही ते लिहून ठेवू लागले. त्यामुळे सूत्र वाचता आले नाही तरी उत्तर हाती लागण्याची शक्यता निर्माण झाली. ही दुहेरी नोंद पुढे एक्सेलनेही चालू ठेवली आणि ती आजतागायत आहे.

लोटसचा आणखी एक वारसा सांगितल्यावाचून राहवत नाही. १९०० हे लीप वर्ष नव्हते, पण लोटसच्या हिशेबात ते लीप वर्ष धरलेले होते. पुढे मायक्रोसॉफ्टने आपला एक्सेल काढला तो १९८५ साली मॅकिंटॉशसाठी आणि १९८७ साली विंडोजसाठी. लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये उघडल्या तर तारखा जुळल्या पाहिजेत, म्हणून त्यांनी ती चूक समजून उमजून तशीच ठेवली. २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस एक्सेलच्या पंचांगात अजून आहे!

एक्सेलची जुनी फाईल लोटससारखीच नोंदींच्या साखळीची होती. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीपासून ती साखळी आणखी एका पेटीत घातली गेली. ही पेटी म्हणजे एक लहानशी तबकडीच: बहुधा ५१२ बाइटांचे तुकडे, आणि कोणत्या तुकड्यामागून कोणता तुकडा यावयाचा याचा एक तक्ता. तो तक्ता बिघडला, तर काय होते? पोथीचा दोरा तुटून पाने जमिनीवर पसरली आणि पानांवर अंक नाहीत, असे होते. मजकूर सगळा आहे, क्रम नाही. या रचनेचा सविस्तर खुलासा मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००८ मध्ये सर्वांना मोकळा करून दिला. तोपर्यंत बाहेरच्या लोकांना बरेचसे उलगडून काढावे लागले. अशाच एका मोफत प्रकल्पाने, अपाची पीओआय त्याचे नाव, एक्सेलची फाईल वाचणाऱ्या आपल्या भागाचे जे लांबलचक नाव ठेवले त्याचा अर्थ 'स्प्रेडशीटची भयंकर रचना' असा होतो. वैतागलेल्या माणसाचा विनोद आहे हा.

आता कथा एका वेगळ्याच माणसाकडे वळते, आणि त्याचा स्प्रेडशीटशी काही संबंध नव्हता. फिल कॅट्झ हा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरचा प्रोग्रामर. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून फाइली पाठवावयास फार वेळ लागे, म्हणून त्या दाबून लहान करण्याचे कार्यक्रम लोकप्रिय होते. कॅट्झने तसा एक कार्यक्रम केला. मूळ पद्धतीच्या मालकांनी १९८८ साली त्याच्यावर दावा लावला, तो तडजोडीने मिटला, आणि कॅट्झने १९८९ साली आपली स्वतंत्र पद्धत काढली. तीच 'झिप'. तिची संपूर्ण रचना त्याने कोणालाही वापरता येईल अशी प्रसिद्ध केली. एप्रिल २००० मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी, तो मिलवॉकीच्या एका हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. मद्याने त्याचा घात केला होता. त्याच्या नावाची पी आणि के ही दोन आद्याक्षरे मात्र प्रत्येक झिप फाईलीच्या अगदी आरंभी असतात.

आणि एक्सेल २००७ पासून एक्सेलच्या नेहमीच्या प्रत्येक फाईलीच्या आरंभीही असतात! कारण त्या वेळी मायक्रोसॉफ्टने जुनी पेटी सोडून नवी रचना घेतली. कोष्टकाचे वेगवेगळे भाग साध्या अक्षरांत, एक्सएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहावयाचे, आणि ते सगळे कॅट्झच्या झिपमध्ये बांधावयाचे. जवळजवळ तीस वर्षांनी पुन्हा व्हिजिकॅल्कच्या साध्या अक्षरांकडे आल्यासारखे झाले, फक्त वरून गाठोडे बांधलेले. फाईलीच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' असा केला की कोणालाही ते सोडून आत पाहता येते.

या गाठोड्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक भागापूर्वी एक चिठ्ठी असते: भागाचे नाव, बांधण्याची रीत, आणि बहुधा लांबीही. सगळे भाग संपले की शेवटी सर्वांची मिळून एक अनुक्रमणिका. उघडणारा कार्यक्रम आधी शेवट गाठतो, अनुक्रमणिका वाचतो आणि मग आत शिरतो. म्हणूनच फाईल अर्धी उतरली की तो सरळ सांगतो, की ही उघडत नाही. अनुक्रमणिकाच नाही, तर उघडणार काय? पण चिठ्ठ्या जागोजाग आहेतच. आरंभापासून एकेक चिठ्ठी शोधीत गेले की नवी अनुक्रमणिका करता येते. कॅट्झने आपल्या कार्यक्रमाबरोबर हे काम करणारा एक छोटा दुरुस्तीचा कार्यक्रमही दिला होता. भागाचे नाव दोनदा लिहिण्याचा हा खटाटोप ज्या दिवशी ठरला, त्याच दिवशी आजच्या कित्येक फाइली वाचल्या.

मधला भाग खराब झाला असेल तर मात्र अडचण. झिप मजकूर दाबते ती प्रामुख्याने लेम्पेल आणि झिव्ह या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडलेल्या युक्तीने. एकदा आलेला मजकूर पुन्हा आला तर तो न लिहिता 'मागे इतक्या अंतरावर पाहा' एवढेच लिहावयाचे. जागा वाचते, पण मागचाच मजकूर नासला तर पुढच्या 'मागे पाहा'ला अर्थ काय उरणार? म्हणून बिघाडापूर्वीचे बहुधा सगळे मिळते आणि बिघाडानंतरचे त्या भागापुरते फारसे मिळत नाही. समजा, आठशे ओळींच्या हजेरीपटात पाचशेव्या ओळीपाशी बिघाड झाला, तर पहिल्या पाचशे ओळी हाती याव्यात. जितके दाबले तितके दुहेरीपण गेले, आणि दुहेरीपण गेले म्हणजे परतीची वाट गेली.

आतल्या भागांची दशाही सारखी नसते. आकडे त्या त्या पानाच्या भागात असतात. नावे, गावे, शेरे हा अक्षरी मजकूर मात्र तिथे नसतो. तो एका वेगळ्या सामाईक यादीत असतो आणि घरात केवळ त्या यादीतला अनुक्रमांक. एकच शब्द हजार घरांत आला तरी तो एकदाच लिहावा, ही काटकसर. पण ही यादी गेली तर पगारपत्रकात पगार राहतात आणि माणसे नाहीशी होतात! रकमा आहेत, कोणाच्या ते नाही. उलट सजावटीचा भाग गेला तर फारसे बिघडत नाही. रंग आणि चौकटी जातात, आणि तारखांच्या जागी नुसते आकडे दिसू लागतात, कारण एक्सेल तारीख दिवसांच्या मोजणीने ठेवतो. १ मे १९६० या तारखेच्या जागी २२०३७ दिसते. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. रकान्याला पुन्हा तारखेचे रूप दिले की झाले. कोणते घर आधी मोजावे याची एक यादीही आत असते. ती बिघडली तर ती खुशाल काढून टाकावी, एक्सेल ती पुन्हा स्वतः तयार करतो.

आणि आता सर्वांत मौजेची गोष्ट. कोष्टकावरून कोणी आलेख काढला असेल, तर आलेखाच्या भागात त्या आकड्यांची एक वेगळी प्रत असते, आलेख चटकन दिसावा म्हणून. पान नासले आणि आलेख शाबूत राहिला, तर आलेखातून आकडे काढता येतात. मायक्रोसॉफ्टने स्वतःच त्यासाठी एक युक्ती प्रसिद्ध केली होती. एका फाईलीने दुसऱ्या फाईलीतला आकडा मागवला असेल तर मागवणाऱ्या फाईलीतही तो शेवटचा आकडा राहतो. म्हणून जाणता माणूस बिघडलेल्या फाईलीला लागलीच हात घालीत नाही. आधी तिची एक नक्कल करतो आणि नकलेवर काम करतो; मग विचारतो, की हिच्यावरून अहवाल कोणी केला होता? आलेख कोणी काढला होता? हेडऑफिसला कोणाच्या मेलने गेली होती? एक्सेल नवी फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहितो आणि पुरी झाल्यावर जुनीच्या जागी बसवितो, तेव्हा वीज गेली त्या क्षणाची तात्पुरती फाईल त्याच फोल्डरमध्ये पडलेली आहे काय, हेही तो पाहतो. एक्सेलची आपली 'उघडा आणि दुरुस्त करा' ही सोय २००१ सालापासून आहे, ती पुष्कळदा उपयोगी पडते. पण ती फार आज्ञाधारक आहे. जे वाचता आले नाही ते काढून टाकते आणि उरलेले नीटनेटके मांडून देते. काय काढले याची टीप ती देते, ती सहसा कोणी वाचीत नाही. माझ्या मते ती आधी वाचावी, आकडे मागाहून.

मग यंत्राला चूक कळते कशी? झिपमधल्या प्रत्येक भागापुढे एक पडताळ्याचा अंक असतो. ज्या गणिताने तो काढतात ते वेस्ली पीटरसन यांनी १९६१ साली मांडले. आपण चेकवर रक्कम आकड्यांत लिहून खाली 'अक्षरी' लिहितो, त्याच्यासारखेच हे, पण एका महत्त्वाच्या फरकाने. आकडे आणि अक्षरे जुळली नाहीत तर अक्षरी रक्कम खरी धरावी असे १८८१ चा आपला कायदा सांगतो, म्हणजे चूक कळते आणि सुधारताही येते. झिपचा अंक फक्त चूक आहे एवढेच ओरडून सांगतो, ती कुठे आहे ते सांगत नाही. चूक शोधून सुधारणारी गणितेही आहेत. बेल प्रयोगशाळेतले रिचर्ड हॅमिंग यांना यंत्र वापरावयास मिळे ते शनिवार-रविवारी, आणि चूक दिसली की यंत्र काम अर्धवट टाकून पुढचे घेई. त्या चिडीतून त्यांनी काढलेली पद्धत १९५० साली प्रसिद्ध झाली. यंत्राच्या स्मृतीत, तबकड्यांत अशी गणिते सर्रास वापरतात. एक्सेलच्या फाईलीत ती नाहीत. आणि फाईलीचा आकार बरोबर असून आत सगळी शून्येच भरली असतील, वीज जाऊन तसेही होते, तर जगातला कोणताही कार्यक्रम त्यातून काही काढू शकत नाही. जाहिरातीत काहीही म्हणोत.

हे सगळे झाले ओरडणाऱ्या बिघाडाविषयी. न ओरडणारा बिघाड याहून वाईट.

२०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये करोनाची दुसरी लाट चढत होती. प्रयोगशाळांकडून तपासणीचे निकाल साध्या अक्षरांच्या फाइलींत येत आणि पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेत ते एक्सेलमध्ये भरले जात. ही एक्सेलची फाईल जुन्या, २००७ पूर्वीच्या पद्धतीची होती असे उघड झाले. त्या पद्धतीत एका पानावर ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नाही. एकेका निकालाला अनेक ओळी लागत. पान भरले आणि पुढचे निकाल सांडले. फाईल मोडली नाही, ती छान उघडत होती. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले १५,८४१ बाधित लोक रोजच्या आकड्यांतून गळले. त्यांना स्वतःला निकाल कळले होते. पण त्यांच्या सहवासात कोण कोण आले याचा शोध घेणाऱ्या पथकांकडे त्यांची नावे वेळेवर गेली नाहीत. सहवासातली माणसे त्या दिवसांत कामावर जात होती, घरी म्हाताऱ्यांना भेटत होती. प्रयोगशाळांच्या मूळ फाइली, म्हणजे रोजकीर्द, शाबूत होत्या, म्हणून गळलेली नावे परत मिळाली. ४ ऑक्टोबरला ही गोष्ट जाहीर झाली.

दुसरे उदाहरण जीवशास्त्रातले. माणसाच्या एका जनुकाचे नाव होते 'मार्च वन'. रकान्यात ते टंकले की एक्सेल त्याची १ मार्च ही तारीख करतो, आणि आत ठेवतो तो दिवसांचा आकडा. उंदरांच्या जनुकांच्या एका जपानी यादीत '२३१०००९ई१३' असे क्रमांक आहेत. एक्सेलला ते शास्त्रीय पद्धतीने लिहिलेले आकडे वाटतात, तेवीस लाख दहा हजार नऊपुढे तेरा शून्ये. आणि मग पडद्यावर दिसणारे मोजके अंकच मजकूर म्हणून बाहेर गेले की मूळ क्रमांक कायमचा गेला. २००४ साली काही संशोधकांनी याकडे लक्ष वेधले. २०१६ साली झालेल्या पाहणीत, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या याद्यांच्या एक्सेल फाइली जोडल्या होत्या, त्यांपैकी सुमारे पंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने हात टेकले आणि नियमच काढले. 'मार्च वन'चे नाव बदलून 'मार्च-एफ-वन' झाले. यंत्रापुढे माणसाच्या जनुकांनी नावे बदलली! मायक्रोसॉफ्टने हा आपोआप होणारा बदल बंद ठेवण्याची सोय २०२३ साली दिली. त्याआधीच्या निबंधांना जोडलेल्या कित्येक तक्त्यांत त्या तारखा मात्र अजून तशाच आहेत, आणि ज्यांनी मूळ कच्ची नोंद जपून ठेवली आहे त्यांनाच त्या पुन्हा जनुकांत वाचता येतात.